ड्रॅग रेसिंग: रिॲक्शन टाइम आणि रेसच्या वीकेंडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, नवी मुंबईतून स्वतःची गाडी किंवा बाइक घेऊन हौसेने ड्रॅगमध्ये, म्हणजे उभ्या गाडीने निघून सरळ पट्टीवर धावायच्या शर्यतीत, उतरणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. ईसीयू रिमॅप, एक्झॉस्ट, टायर यांवर आपल्याकडे रात्र-रात्र चर्चा होते. पहिल्या अर्ध्या सेकंदात ड्रायव्हर काय करतो, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही, आणि कितीतरी रेस तिथेच हरल्या जातात. म्हणून बहुतेक उत्तरं त्या अर्ध्या सेकंदाबद्दल आहेत. उरलेली, तो अर्धा सेकंद बिघडवणाऱ्या सवयींबद्दल.

रिॲक्शन टाइम म्हणजे नेमकं काय मोजतात?

हिरवा दिवा लागल्यापासून तुमचं पुढचं चाक स्टार्ट लाइनवरच्या किरणातून बाहेर पडेपर्यंतचा वेळ. लाइनवर दोन किरण असतात. पहिला प्री-स्टेज, त्याच्यापुढे सात इंचांवर स्टेज. टायरने पहिला किरण अडवला की वरचा छोटा दिवा लागतो, दुसरा अडवला की तुम्ही स्टेज झालात. रिॲक्शनचं घड्याळ थांबतं ते टायर स्टेजचा किरण मोकळा करतो तेव्हा.

म्हणजे रननंतर हातात मिळणाऱ्या वेळेच्या कागदावरचा, स्लिपवरचा आकडा एकट्या तुमच्या पायाचा नसतो. त्यात तीन गोष्टी येतात: तुम्हाला दिवा दिसून पाय हलायला लागलेला वेळ, क्लच पकडून गाडी हलायला लागलेला वेळ, आणि टायर किरणातून पूर्ण बाहेर येईपर्यंत सरकायचं अंतर. या अंतराला रोलआउट म्हणतात आणि ते साधारण एक फूट असतं. रोजच्या वापरातल्या स्टॉक, म्हणजे बदल न केलेल्या गाडीला तेवढं सरकायला ०.३ ते ०.४ सेकंद सहज लागतात. त्यामुळे आकडा वाईट आला की आधी या तिघांपैकी कोण उशीर करतंय ते शोधा.

ईटीमध्ये रिॲक्शन टाइम धरलेला असतो का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ईटी म्हणजे लाइनपासून फिनिशपर्यंत लागलेला वेळ, आणि त्याचं घड्याळ चाकाने किरण सोडल्यावर सुरू होतं. हिरवा लागल्यावर तुम्ही दोन सेकंद तसेच उभे राहिलात तरी तुमचा ईटी बदलणार नाही. रेस मात्र हराल.

समजा, डाव्या लेनमधल्या गाडीचा रिॲक्शन ०.३५० आणि ईटी १४.१००. उजवीकडची गाडी जरा हळू, ईटी १४.२५०, पण रिॲक्शन ०.१२०. बेरीज केली तर डावीकडची १४.४५०, उजवीकडची १४.३७०. हळू गाडी ०.०८ सेकंदाने जिंकली. ताशी १५० किलोमीटरच्या वेगाला हे अंतर तीन मीटरच्या वर जातं, म्हणजे फिनिशवर डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतकं.

हाच हिशोब पैशांतही करून बघा. ईटी हा ढोबळमानाने वजन भागिले ताकद याच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. चौदा सेकंदांच्या, ११०० किलोच्या गाडीचा ईटी पाव सेकंदाने खाली आणायचा तर साधारण पाच टक्के जास्त ताकद हवी, नाहीतर ६० किलो वजन उतरवायला हवं. रिॲक्शनमधला पाव सेकंद सरावाने मिळतो, त्याला गॅरेजचं बिल येत नाही.

आमच्या स्पर्धेत फक्त सर्वोत्तम टाइमवर निकाल लागतो. मग रिॲक्शनचा काय उपयोग?

घड्याळ किरणावर सुरू होत असेल तर निकालापुरता काहीच नाही. आपल्याकडे बऱ्याच हौशी स्पर्धांत क्लासमध्ये सगळ्यात कमी टाइम काढणारा जिंकतो, समोरासमोरच्या फेऱ्या नसतात. अशा ठिकाणी शांतपणे, उथळ स्टेज करा (स्टेजचा दिवा लागताच थांबा), हिरवा नीट बघून निघा आणि सगळं लक्ष स्वच्छ लाँचवर, म्हणजे गाडी जागेवरून सुटण्यावर ठेवा. काही ठिकाणी घड्याळ हिरव्यापासूनच धावतं. तिथे उशिरा निघालेला प्रत्येक क्षण थेट तुमच्या टाइममध्ये मिळवला जातो. म्हणून नियमावली वाचा, आणि ड्रायव्हर्स ब्रीफिंगमध्ये हात वर करून विचारा: घड्याळ कशावर सुरू होतं, आणि जंप स्टार्टला काय शिक्षा आहे? हे विचारायला लाजू नका. न विचारता लाइनवर गेलेले बरेच जण मी पाहिले आहेत.

ट्रीवरचे दिवे कुठल्या क्रमाने लागतात?

स्टार्ट लाइनवरच्या दिव्यांच्या खांबाला ख्रिसमस ट्री म्हणतात. तो अमेरिकेत १९६३ मध्ये आला. त्याआधी झेंडा दाखवून गाड्या सोडत. स्पोर्ट्समन ट्रीत तीन पिवळे दिवे एकाखाली एक, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात आणि शेवटच्या पिवळ्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. प्रो ट्रीत तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा. हिरव्याच्या आधी किरण सोडलात तर लाल. शून्याच्या जितकं जवळ, तितकं उत्तम. ०.००१ ने लाल झालं तरी ते लालच.

आपल्याकडे कधी साधे सिग्नलसारखे दिवे असतात, कधी दिव्यांमधलं अंतर वेगळं ठेवलेलं असतं. सकाळी पोचल्यावर सगळ्यात आधी लाइनच्या बाजूला उभं राहून दुसऱ्यांचे चार-पाच स्टार्ट बघा आणि ती लय डोळ्यांत बसवून घ्या.

हिरवा दिसल्यावरच निघायचं ना?

नाही. समोरासमोरच्या रेसमध्ये हिरव्याची वाट बघणारा उशिराच निघतो.

आकडे मांडून बघू. डोळ्यांना दिवा दिसून पाय हलायला निरोगी माणसाला साधारण ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात. हा मज्जासंस्थेचा वेग आहे, तो जिद्दीने अर्धा होत नाही. जागतिक ॲथलेटिक्समध्ये बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत हललेला धावपटू फॉल्स स्टार्ट धरतात, कारण त्याहून लवकर ऐकून निघणं शक्य नाही असं मानलं जातं. आता ०.२२ पायाचे, ०.१ क्लचचा, ०.३५ रोलआउटचे धरले तर बेरीज ०.६७. हिरवा बघून निघालात तर स्लिपवर ०.६७ छापून येणार. शेवटचा पिवळा चमकताक्षणी निघालात तर त्यातून अर्धा सेकंद वजा, म्हणजे ०.१७. फरक फक्त कुठला दिवा बघितला एवढाच.

म्हणून नजर शेवटच्या पिवळ्या दिव्यावर ठेवा, फक्त त्याच एका दिव्यावर. वरचे दोन कडेने दिसतात तेवढे पुरे. तो ‘लागला’ असं मनात म्हणायची वाट बघू नका, काचेत पहिली चमक उमटली की पाय सुटला पाहिजे. नवीन मुलं पिवळा बघतात, मग हिरव्याची खात्री करून घेतात आणि मग निघतात. ही खात्री करून घेण्याची सवय मोडणं हेच सगळ्यात अवघड काम आहे. पहिल्या काही रनना लाल लाइट लागणार या भीतीने छातीत धडधडतं. प्रॅक्टिस रनमध्ये लाल लागला तर लागू द्या. तो तिथे फुकट आहे.

आणि पापणी. एक उघडझाप म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, कधी त्याहून जास्त. स्टेजचा दिवा लागायच्या आधी एकदा मुद्दाम डोळे मिटून उघडा.

चांगला रिॲक्शन टाइम किती?

नवख्याचा ०.४ ते ०.५ आला तर त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. एका सीझनच्या सरावानंतर स्टॉक गाडीतून ०.२ च्या आत सातत्याने येणं हे चांगलं. पण एकेका रनचा आकडा बघून स्वतःला तोलू नका. दोन ड्रायव्हरांचे पाच-पाच रन बघा:

पहिला: ०.२१, ०.०५, ०.३३, लाल (−०.०२), ०.१२
दुसरा: ०.१४, ०.१६, ०.१३, ०.१७, ०.१५

पहिल्याची सरासरी ०.१३८, दुसऱ्याची ०.१५०. कागदावर पहिला सरस आहे. तरीही एलिमिनेशनला, म्हणजे हरणारा बाहेर जातो त्या फेऱ्यांना, मी डोळे मिटून दुसऱ्याला उतरवीन. त्याचे पाचही रन ०.०४ च्या पट्ट्यात आहेत, म्हणजे पुढचा कुठे पडेल ते आजच सांगता येतं, आणि गाडीत छोटा बदल करून तो सगळा पट्टा खाली सरकवता येतो. पहिल्याच्या बाबतीत बदलायचं काय तेच कळणार नाही.

घरी सराव कसा करायचा?

प्रॅक्टिस ट्रीचं उपकरण मिळतं, मोबाइलवर ॲप्सही आहेत. अडचण अशी की बहुतेक जण अंगठ्याने स्क्रीन दाबून सराव करतात आणि रेसमध्ये सोडायचा असतो डावा पाय. अंगठा दाबणं आणि पाय उचलणं या वेगळ्या हालचाली आहेत. लॅपटॉपला जोडायचं यूएसबी पेडल घ्या, नाहीतर साधा फूटस्विच जोडून घ्या. खुर्ची गाडीच्या सीटइतकी खाली, पाय त्याच कोनात, पायात रेसचेच बूट. बाइकवाल्यांनी हँडलची क्लच लिव्हर टेबलाला क्लॅम्प करून, ग्लव्ह घालून सराव करावा. स्क्रीन जमेल तितकी दूर ठेवा. ट्री हातभर अंतरावर नसतो, आणि जवळच्या स्क्रीनला सरावलेली नजर लाइनवर गेल्यावर चाचपडते.

दहा रनचा एक सेट, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, असे दोन किंवा तीन सेट रोज. त्यापुढे गेलात तर थकलेल्या पायाची सवय पक्की होते. प्रत्येक रनला पूर्ण क्रम करा: श्वास, नजर, पेडल दाबणं, थांबणं, सोडणं. नुसतं टकटक करत पन्नास वेळा दाबणं हा खेळ झाला. आकडे वहीत लिहा आणि दर सेटचा सगळ्यात चांगला व सगळ्यात वाईट यांतला फरक काढा. तो फरक कमी होणं हीच प्रगती.

एक गोष्ट मुद्दाम करा: हेल्मेट घालून बसा. आपल्या हवेत बंद खोलीत पंखा बंद करून पाच मिनिटं हेल्मेट घातलं की घाम डोळ्यांत उतरतो, स्वतःच्या श्वासाचा आवाज मोठा वाटायला लागतो. मे महिन्यातल्या दुपारी स्टेजिंग लेनमध्ये नेमकं हेच होणार आहे. त्याची ओळख घरीच झालेली बरी.

इंजिन बंद ठेवून उभ्या गाडीत क्लच सोडायचा सराव सोसायटीच्या पार्किंगमध्येही होतो, त्याने कुणाची झोप मोडत नाही.

रात्री पाम बीच रोडला किंवा बीकेसीत दोन-चार लाँच मारले तर?

नको. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८९ खाली सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंड ही त्यातली लहान गोष्ट आहे. रात्री दोनला रस्ता रिकामा दिसतो, तेव्हाही कुणीतरी शिफ्ट संपवून रस्ता ओलांडत असतो. ड्रॅगची धावपट्टी बंद असते, दोन्ही बाजूंना मोकळी असते, शेवटी थांबायला जागा असते, रुग्णवाहिका उभी असते. यातलं काहीही अटल सेतूवर किंवा मरीन ड्राइव्हला नसतं.

शिवाय त्याने रिॲक्शन सुधारतही नाही. सिग्नलवर ट्री नसतो, किरण नसतो, स्लिप मिळत नाही. आकड्याशिवाय शिकणार कशावरून?

मग धावपट्टीवर संधी कुठे मिळते?

मुंबईकरांना जवळची म्हणजे लोणावळ्यापुढची ॲम्बी व्हॅलीची धावपट्टी, तिथे ‘द व्हॅली रन’सारख्या स्पर्धा झाल्या आहेत. लांब जायची तयारी असेल तर चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, तिथे राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा भरल्या आहेत. एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या मान्यतेची स्पर्धा असेल तर त्यांचं कॉम्पिटिशन लायसन्स लागतं, आणि त्यासाठी वैद्यकीय फिटनेसचा कागद. हे काम स्पर्धेच्या आठवड्यासाठी ठेवू नका.

डीप स्टेज करू का?

डीप म्हणजे स्टेज झाल्यावर आणखी थोडं पुढे सरकणं, इतकं की प्री-स्टेजचा दिवा विझतो. रोलआउट कमी उरतो, त्यामुळे रिॲक्शन सुधारतो. पण गाडीला किरणाआधी मिळणारी चालती सुरुवातही तेवढीच घटते, म्हणून ईटी थोडा वाढतो. आणि लाल लाइटची कड अगदी जवळ येते. काही स्पर्धांत डीप स्टेजला मनाईही असते.

माझं मत स्पष्ट आहे: पहिला सीझन फक्त उथळ स्टेज करा. प्री-स्टेज लागला की थांबा. मग अगदी हळू, इंच-इंच पुढे, स्टेजचा दिवा लागला की तिथेच घट्ट थांबा. दर वेळी एकाच जागी थांबता येणं ही स्वतंत्र कला आहे. ती नसताना डीप करायला गेलात तर दर रनला रोलआउट वेगळा येईल आणि स्लिपवरच्या आकड्याला काही अर्थ उरणार नाही.

गाडीत काय बदललं की रिॲक्शन बदलतो?

पुढच्या टायरची हवा. दोन-तीन पीएसआय वाढवली की चाक थोडं उंच बसतं, किरणाच्या उंचीवर टायरची रुंदी कमी होते, रोलआउट घटतो आणि रिॲक्शन किंचित सुधारतो. हवा कमी केली की उलट. मात्र फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीत, म्हणजे आपल्या स्विफ्ट, पोलो, आय-ट्वेंटीसारख्या गाड्यांत, पुढचीच चाकं ओढतात. हवा वाढवून आकडा सुधारायला गेलात तर पकड जाईल आणि चाकं जागेवर फिरतील. तिथे हवा पकडीसाठी लावा आणि रिॲक्शन दुसरीकडे शोधा.

दुसरी जागा म्हणजे क्लचचा फ्री-प्ले. पेडल सोडल्यावर क्लच पकडायला लागेपर्यंत पाय जेवढा रिकामा प्रवास करतो, तो सगळा वाया गेलेला वेळ आहे. क्लच घसरणार नाही इतपत ठेवून तो कमी करून घ्या. बाइकवर लिव्हरच्या ॲडजस्टरने हे दोन मिनिटांत होतं.

तिसरी, लाँचचे आरपीएम. कमी आरपीएमला गाडी मरगळल्यासारखी निघते, जास्तीला चाकं फिरतात. तुमच्या गाडीचा, तुमच्या टायरचा आकडा प्रॅक्टिस रनमध्येच शोधायचा. दुसऱ्याचा आकडा घेऊन उपयोग होत नाही.

माझी डीएसजी आहे, लाँच कंट्रोलसह. पायाचं काम उरतंच कुठे?

उरतं. डीएसजी म्हणजे क्लच पेडल नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, तिथे ब्रेक सोडणं हेच तुमचं लाँच. डाव्या पायाने ब्रेक, उजव्याने पूर्ण ॲक्सिलरेटर, आणि शेवटच्या पिवळ्याला डावा पाय सरळ मागे उचलायचा. गिअरबॉक्स आपला वेळ घेतो, पण दर वेळी जवळपास तेवढाच घेतो. त्यामुळे अशा गाडीत सातत्य लवकर येतं. लाँच कंट्रोल फार वेळ धरून ठेवू नका, क्लचपॅक तापतो.

बाइकवर वेगळं काय?

आरएक्स १०० असो की आर१५, क्लच दोन बोटांनी, आणि तो एकदम न सोडता पहिल्या काही मीटरांत घसरवत सोडायचा. दोन्ही पाय जमिनीवर, छाती टाकीकडे, नजर ट्रीवर. पुढचं चाक उचललं गेलं की घाबरून थ्रॉटल पूर्ण बंद होतो आणि रन तिथेच संपतो. म्हणून वजन आधीच पुढे घ्या. हँडल अगदी सरळ ठेवून स्टेज करा. चाक वाकडं असेल तर किरण वेगळ्या ठिकाणी कापला जातो.

लाल लाइट लागला. पुढच्या रनला थोडं थांबून निघू का?

‘थोडं थांबणं’ मोजता येत नाही. मन सावध झालं की ०.०२ च्या ऐवजी ०.२ उशीर होतो, हे स्लिपवर पुन्हा पुन्हा दिसतं. नजर आणि पाय तसेच ठेवा, बदल गाडीत करा: लाँचचे आरपीएम दोन-तीनशेने खाली, किंवा रिअर-व्हील-ड्राइव्ह असेल तर पुढच्या टायरची हवा दोन पीएसआय कमी. एका वेळी एकच बदल. दोन केलेत तर कशाने फरक पडला हे कळायचा मार्ग बंद होतो.

शुक्रवारी मुंबईतून कधी निघावं?

संध्याकाळी सातला ऑफिसमधून सुटून थेट निघालात तर वाशीपर्यंतच जीव मेटाकुटीला येतो, पुढे बोरघाटात ट्रकांची रांग. रात्री बाराला हॉटेलवर, एकला झोप, पाचला उठून स्क्रूटिनीला, म्हणजे गाडीच्या तपासणीला. अशा शनिवारी रिॲक्शन चांगला येईल ही अपेक्षाच करू नका. सलग सतरा-अठरा तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी मंदावते, असं संशोधनात दिसलं आहे. कुणी दारू पिऊन स्टेजला गेला तर आपण त्याला ओढून बाहेर काढू. झोप न झालेल्याला मात्र पाठ थोपटून लाइनवर पाठवतो.

अर्धा दिवस रजा टाका आणि शुक्रवारी दुपारी जेवून निघा. रजा मिळत नसेल तर गाडी मित्राबरोबर आधी पाठवा आणि तुम्ही ट्रेनने लोणावळ्याला जा, डुलकीही होते. बाइकवाल्यांनी लक्षात ठेवावं: एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, जुन्या रस्त्याने खोपोली-खंडाळा करत जावं लागतं. रेसची बाइक चालवत नेण्यापेक्षा तीन-चार जणांनी मिळून छोटा हत्ती किंवा पिकअप केला तर अंगही शिणत नाही. बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवणं तसंही कायद्यात बसत नाही, तिला फ्लॅटबेडच हवा.

आणि गुरुवारची झोप शुक्रवारच्या झोपेपेक्षा महत्त्वाची समजा. रेसच्या आदल्या रात्री उत्साहाने झोप कमीच लागते. त्याची भरपाई आधीच करून ठेवायची.

सकाळी काय खावं?

पोहे, उपमा, इडली, केळं. झणझणीत मिसळ रेस संपल्यावर खा. पाणी तहान लागायची वाट न बघता थोडं-थोडं, आणि दिवसातून दोनदा लिंबू-मीठ-साखर घातलेलं. रेस सूटमध्ये घाम किती जातो ते कळतही नाही. चहा रोज जितका घेता तितकाच. रोज दोन कप घेणाऱ्याने रेसच्या दिवशी पाच घेतले तर हात थरथरतो, आणि अजिबात न घेणाऱ्याचं डोकं दुखतं. एनर्जी ड्रिंक पहिल्यांदा चाखून बघायचा दिवस हा नव्हे.

पिटमध्ये दोन-दोन तास वाट बघावी लागते. तेव्हा काय करायचं?

वीकेंड खरा हातातून जातो तो इथे. मित्रांचा ताफा आलेला असतो, जो तो टायरच्या हवेबद्दल सल्ला देतो, कुणाला रील हवी असते, आणि नंबर पुकारला की ड्रायव्हर धावत येऊन हेल्मेटचा बक्कल शोधत बसतो. त्या गडबडीत दहा सेकंदांनी ट्री समोर येतो.

दोन मित्रांना कामं वाटून द्या. एकाकडे घड्याळ आणि रांग: किती गाड्या उरल्या हे तोच सांगेल. दुसऱ्याकडे हवा, व्हील नट आणि बॉनेट. शूटिंग ज्याला करायचं त्याने लांबून करावं. तुम्ही रनच्या आधीची दहा मिनिटं सावलीत, कुणाशी न बोलता बसा, मोबाइल दुसऱ्याच्या खिशात.

मग लाइनवरचा क्रम, दर वेळी अगदी तोच. पट्टा ओढून बघणं, खिडकी, फॅन-एसी बंद, पहिला गिअर, प्री-स्टेज, एक लांब श्वास सोडणं, पापणी, स्टेज, आरपीएम, नजर पिवळ्यावर. हा क्रम कार्डावर लिहून डॅशबोर्डला चिकटवायला हरकत नाही. माझ्या ओळखीचा एक डोंबिवलीचा मुलगा तो पुटपुटत करतो. हेल्मेटच्या आत ओठ हलताना दिसतात, आणि त्याच्या स्लिपा एकीवर एक ठेवल्या तर सारख्या दिसतात.

समोरचा मुद्दाम स्टेज करायला उशीर लावतो.

लावू द्या. तुम्ही प्री-स्टेजवर थांबा, आरपीएम वाढवू नका, क्लच तापवू नका. तुमचं शेवटचं स्टेज होणं तुमच्या क्रमाप्रमाणेच होईल, त्याच्या नव्हे. ट्री आपोआप सुरू करणारी ऑटोस्टार्ट यंत्रणा असेल तर एक गाडी पूर्ण स्टेज झाल्यावर दुसरीला ठरावीक सेकंदच मिळतात, तेवढं ब्रीफिंगमध्ये विचारून ठेवा. त्याची लेन नजरेच्या कडेला येत असेल तर हेल्मेटच्या त्या बाजूला आतून काळी टेप लावतात, हे स्क्रूटिनीत चालतं का ते आधी विचारा.

घाटावर गाडी मरगळते असं वाटतं. खरं आहे का?

हो. लोणावळा समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून उंच आहे. दर ३०० मीटरला टर्बो नसलेलं इंजिन साधारण तीन टक्के ताकद गमावतं. टर्बोला कमी फरक पडतो. म्हणून मुंबईत बसवलेला लाँच आरपीएम तिथे जसाच्या तसा चालत नाही. पहिला प्रॅक्टिस रन त्यासाठीच ठेवा. सकाळची थंड हवा आणि दुपारची तापलेली पट्टी यांतही मोठा फरक पडतो.

वहीत काय-काय लिहायचं?

वेळ, लेन, हवेचं तापमान, टायरची हवा, लाँच आरपीएम, रिॲक्शन, साठ फुटांचा टाइम, ईटी, शेवटचा वेग. आणि एक ओळ स्वतःबद्दल: झोप किती, डोकं शांत होतं का, नजर कुठे होती. साठ फूट म्हणजे पहिले १८ मीटर. रिॲक्शन चांगला पण साठ फूट वाईट असेल तर पाय वेळेवर सुटला पण चाकं फिरली. दोन्ही वाईट असतील तर आरपीएम पडून गाडी मरगळली. रन संपल्यावर दहा मिनिटांत लिहा, रात्री हॉटेलवर आठवून लिहिलेलं खरं नसतं.

चष्मा आहे, वयही पंचेचाळीस. उशीर झाला का?

चष्म्याने काही अडत नाही. फक्त हेल्मेटमध्ये तो नाकावरून घसरत नाही आणि वाफ धरत नाही एवढं बघा. वयाने डोळा-पायाचा वेग थोडा मंदावतो हे खरं, पण तो फरक काही शतांश सेकंदांचा, आणि वर सांगितलेला हिरव्याऐवजी पिवळ्यावर निघण्याचा फरक अर्ध्या सेकंदाचा. चाळिशी ओलांडलेले ड्रायव्हर क्रम मोडत नाहीत. एलिमिनेशनच्या शेवटच्या फेऱ्यांत ते का टिकतात, ते त्यांच्या स्लिपा बघितल्या की कळतं.

रविवारी रात्री परत येताना?

गाडी दुसऱ्याला चालवायला द्या. दिवसभराचा ताण उतरला की अंग एकदम सैल पडतं, आणि ते नेमकं घाट उतरताना पडतं. निघण्याआधी टायरची हवा रस्त्याच्या आकड्यावर परत आणा, व्हील नट टॉर्क रेंचने पुन्हा घट्ट करा, आणि रेसचे टायर असतील तर ते काढून रोजचे चढवा. पाऊस लागला तर त्या टायरांना पकडच नसते.